नोंद कुणाची घ्यायची?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मी तुम्हाला एका वादाची गोष्ट सांगणार आहे. हा वाद चव्हाट्यावर झाला नाही की कोर्टातही झाला नाही. तो संगणकाच्या पडद्यावर झाला आणि सात दिवस चालला. त्यात भाग घेणाऱ्या आम्हा आठ-दहा जणांपैकी कुणी कुणाचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. प्रश्न एवढाच होता, की रेडिओवरून धर्मोपदेश करणाऱ्या एका गृहस्थांची विकिपीडियात स्वतंत्र नोंद असावी की नसावी?

मी आयुष्यभर वाचनालयात ग्रंथपाल म्हणून काम केलं. निवृत्त झाल्यावर विकिपीडियात लिहिण्याचा नाद लागला. हा इंटरनेटवरचा ज्ञानकोश. इंग्रजीत तो २००१ च्या जानेवारीत सुरू झाला आणि मराठीत २००३ च्या महाराष्ट्र दिनी. तिथे कुणीही लिहू शकतं, म्हणूनच तिथे काय ठेवायचं आणि काय काढायचं, यावर सतत खल चाललेला असतो. एखादी नोंद काढावी असं कुणाला वाटलं, तर तो तशी सूचना मांडतो. साधारण सात दिवस ज्याला त्याला आपलं म्हणणं मांडता येतं. शेवटी एक जाणकार संपादक निर्णय देतो. तो हात वर करून मोजत नाही, तर कुणाच्या म्हणण्यात किती वजन आहे ते पाहतो.

तर आमचे हे गृहस्थ अमेरिकेतल्या एका लहान गावचे. नाव सांगत नाही; ते काही सार्वजनिक पुढारी नव्हते. दर रविवारी गावच्या रेडिओ केंद्रावरून अर्धा तास बोलायचे, आणि हा नेम त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षं पाळला. त्यांची नोंद कुणा चाहत्यानं लिहिली असावी. ‘असंख्यांचे प्रेरणास्थान’ वगैरे शब्द तिच्यात होते. आधार म्हणून खाली दिलं होतं त्यांच्याच संस्थेचं माहितीपत्रक.

एकानं लिहिलं, ‘चाळीस वर्षं एक माणूस बोलतोय, आणखी काय पुरावा हवा?’ दुसऱ्यानं विचारलं, ‘त्यांच्याविषयी त्यांच्या माणसांखेरीज कुणी काही लिहिलंय का?’ मग एका बाईंनी लिहिलं, की माझी आई शेवटची सहा वर्षं अंथरुणाला खिळलेली होती, आणि आठवड्यातून एकदा तिच्याशी बोलणारा परका आवाज एवढा एकच होता. हे वाचून मी थोडा वेळ गप्प बसले. आणि मग लिहिलं, ‘नोंद काढावी.’

तुम्ही म्हणाल, किती कोरडी बाई! म्हणून मला जरा खुलासा करू द्या.

विकिपीडियात याला ‘उल्लेखनीयता’ म्हणतात. नियम थोडक्यात असा, की ज्याची नोंद करायची त्याच्याविषयी, त्याच्याशी संबंध नसलेल्या, भरवशाच्या ठिकाणी पुरेसं सविस्तर लिहिलं गेलेलं असलं पाहिजे. माणूस चांगला आहे का, त्याचा उपदेश खरा आहे का, त्याला किती लोक मानतात, हे तिथे कुणी विचारत नाही. दुसऱ्या कुणी दखल घेतली आहे का, एवढंच विचारतात. नुसता नावाचा उल्लेख चालत नाही, दखल लागते.

आता धर्माच्या प्रसारकांच्या बाबतीत हे फार अवघड होतं. त्यांच्याविषयी लिहिलेलं पुष्कळ असतं, पण ते लिहितं कोण? शिष्य, भक्त, संस्था. गौरवग्रंथ असतो, स्मरणिका असते. श्रोत्यांचा आकडा असतो, पण तो संस्थेनंच सांगितलेला. म्हणजे घरचेच साक्षीदार! धार्मिक मासिक आहे म्हणून पुरावा बाद होत नाही, हे मात्र ध्यानात घ्या. ते मासिक त्यांचं स्वतःचं असेल, तर बाद होतो. हा नियम नसता, तर ज्याचं प्रचारखातं मोठं त्याची नोंद मोठी, असं झालं असतं. आणि ज्ञानकोशाचं जाहिरातपत्रक व्हायला वेळ लागला नसता.

छापील कोशांना दुसरी अडचण होती, ती कागदाची. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले. पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश उभा राहिला. तिथे पानं मोजकी असत, म्हणून निवड करावी लागे. इंटरनेटवर पानांना तोटा नाही, मग निवड कशाला, असं लोक विचारतात. कारण तिथे टंचाई कागदाची नाही, तपासणाऱ्यांची आहे. आधारच नसेल, तर लिहिलेलं खरं की खोटं हे ताडून पाहायचं कशावरून?

इथवर माझी बाजू झाली. पण श्रोतेहो, या नियमाला दुसरी बाजूही आहे, आणि ती मला त्या सात दिवसांत चांगलीच टोचली.

रेडिओ आणि धर्म यांचं नातं जुनं आहे. अमेरिकेत पिट्सबर्गचं केडीकेए हे केंद्र १९२० च्या नोव्हेंबरात सुरू झालं, आणि दोनच महिन्यांनी, २ जानेवारी १९२१ ला, तिथल्या एका चर्चमधली उपासना त्यानं प्रक्षेपित केली. म्हणजे या धंद्याला शंभर वर्षं उलटून गेली. इतक्या वर्षांत किती आवाज आले आणि गेले! त्यांतले कोशात कोण राहिले?

फादर चार्ल्स कॉफलिन राहिले. डेट्रॉइटजवळचे हे कॅथलिक धर्मगुरू १९२६ पासून रेडिओवर बोलू लागले. मंदीच्या काळात त्यांचे श्रोते कोटींच्या घरात गेले. त्यांना येणाऱ्या पत्रांसाठी गावात नवं पोस्ट ऑफिस बांधावं लागलं, असं सांगतात. पण उपदेश बाजूला पडून राजकारण आलं, ज्यूंविरुद्धचं विष आलं, आणि १९४२ मध्ये त्यांच्याच बिशपनं त्यांना हे सारं थांबवायला लावलं. त्यांच्यावर पुस्तकं आहेत, प्रबंध आहेत.

हॅरोल्ड कॅम्पिंगही राहिले. हे मूळचे इंजिनियर. कॅलिफोर्नियात १९५८ साली निघालेल्या ‘फॅमिली रेडिओ’च्या संस्थापकांपैकी एक. श्रोत्यांच्या बायबलविषयीच्या प्रश्नांना ते अनेक वर्षं फोनवर उत्तरं देत. पण जगभर गाजले ते २१ मे २०११ या तारखेमुळे. त्या दिवशी जगाचा निवाडा होणार, असं त्यांनी गणित मांडून जाहीर केलं. रस्तोरस्ती फलक लागले. काही अनुयायांनी नोकऱ्या सोडल्या, साठवलेले पैसे खर्च करून टाकले. बावीस तारीख नेहमीसारखी उजाडली. पुढच्या वर्षी कॅम्पिंगनी आपली चूक कबूल केली आणि २०१३ मध्ये ते वारले. जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर रकानेच्या रकाने लिहिले होते. नोंदीला आधार किती म्हणून हवेत?

आता गंमत पाहा. विष पेरलं त्याची नोंद आहे. जगबुडीची तारीख चुकली त्याची नोंद आहे. आणि जो कुणाच्या अध्यात ना मध्यात, चाळीस वर्षं एका खाटेवरच्या म्हातारीला धीर देत राहिला, त्याला आधार मिळत नाही. वर्तमानपत्राचा धर्मच असा, की घर जळालं तर बातमी. रोज चूल पेटली ती बातमी नाही. आणि कोश उभा राहतो तो अशा बातम्यांवरच.

हे फक्त उपदेशकांच्याच वाट्याला येतं असंही नाही. कॅनडातल्या पदार्थवैज्ञानिक डोना स्ट्रिकलंड यांच्या नोंदीचा मसुदा इंग्रजी विकिपीडियात २०१८ च्या मे महिन्यात परत पाठवला गेला. कारण तेच, पुरेसे आधार नाहीत. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला त्यांना नोबेल जाहीर झालं आणि नोंद तयार झाली. बाई तीच, संशोधनही तेच, जवळजवळ तेहतीस वर्षं जुनं. त्यांच्याविषयी सविस्तर लिहायचं मात्र लोकांच्या हातून राहून गेलं होतं. तेव्हा कोशाला आरसा म्हणा. चेहरा नीट दिसत नाही म्हणून आरशावर रागवून काय उपयोग? दिवा लावायला हवा.

हा दिवा आपल्या घरी किती मिणमिणता आहे, ते मला लवकरच कळलं.

त्या वादानंतर महिन्याभरात मला आमच्या गावच्या कीर्तनकारबुवांची आठवण झाली. माझ्या लहानपणी बुवांचं कीर्तन रेडिओवर लागलं, की आमच्या ओसरीवर शेजारपाजार जमायचा. आई हातातलं निवडण-टिपण तसंच ठेवून ऐकत बसायची. मनात आलं, की यांच्यावर मराठी विकिपीडियात आपणच का लिहू नये? मी वाचनालयात गेले. जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली काढल्या. चार दिवस धूळ खाल्ली आणि शिंका दिल्या. हाती काय लागलं? ‘आजचे नभोवाणी कार्यक्रम’ या रकान्यात बुवांचं नाव, पुढे वेळ. अकरा ठिकाणी नाव, अकरा ठिकाणी वेळ. त्यांच्यावर कुणी लिहिलेल्या दोन ओळी कुठे नाहीत.

मग त्यांच्या मुलाकडे गेले. त्यांनी उपरणं दाखवलं, वीणा दाखवली, एक फोटो दाखवला. म्हणाले, ‘ताई, आमच्या नानांचं सगळं तोंडी होतं हो.’

मी फायली परत फडताळात ठेवल्या. अमेरिकेतल्या त्या गृहस्थांना मी जी फूटपट्टी लावली होती, तीच इथे लावली, तर बुवांची नोंद होत नव्हती. आणि फूटपट्टी आपल्या माणसासाठी बदलायची म्हटलं, तर ती फूटपट्टी कसली?

तेव्हा नियम सैल करा, असं मी आजही म्हणणार नाही. पण एक गोष्ट मला त्या चार दिवसांत उमगली. नोंद राहिली, याचा दोष कोशाकडे कमी आणि आमच्याकडे जास्त. ओसरीवर जमून ऐकणाऱ्यांत मास्तर होते, वकील होते, स्थानिक साप्ताहिकात लिहिणारे होते. बुवा हयात असताना त्यांच्यातल्या एकानंही कागदाला पेन लावलं नाही. सगळ्यांना वाटलं, बुवा तर सर्वांना ठाऊकच आहेत!

म्हणून एक विनंती करते. तुमच्या तालुक्यात असा कुणी आवाज असेल, मग तो कीर्तनकार असो, भजनी असो, प्रवचनकार असो, चर्चमध्ये किंवा दर्ग्यात बोलणारा असो, तर त्याच्यावर आजच लिहा. गौरवाचे शब्द कमी वापरा. जन्म कुठला, शिकले कुणाजवळ, रेडिओवर पहिला कार्यक्रम कोणत्या साली झाला, हे विचारून, ताडून लिहा. शक्यतो लिहिणारा त्यांचा शिष्य किंवा नातेवाईक नसावा. आणि ते वर्तमानपत्रात, नियतकालिकात छापून आणा; जाहिरात म्हणून पैसे देऊन नव्हे, संपादकाच्या हातून. विकिपीडियाला आधार इंग्रजीच लागतो, असं नाही. मराठी चालतो. तो इंटरनेटवरच असला पाहिजे, असंही नाही. वाचनालयातल्या जुन्या अंकाची तारीख आणि पान सांगता आलं तरी पुरतं.

त्या अमेरिकन गृहस्थांचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. सातव्या दिवशी निर्णय लागला. स्वतंत्र नोंद गेली. पण त्या रेडिओ केंद्राच्या नोंदीत त्यांच्यावर दोन ओळी घालण्यात आल्या. नाव, आणि त्यांनी तिथे किती वर्षं कार्यक्रम केला ते. त्याला आधारही सापडला होता, गावच्या वर्तमानपत्रात कुणा वार्ताहरानं कधीकाळी केंद्रावर लिहिलेल्या लेखाचा. त्या वार्ताहराला बिचाऱ्याला ठाऊकही नसेल, की आपण काय राखून ठेवलं.

आमच्या बुवांवर मी लेख लिहायला घेतला आहे. त्यांना ऐकलेली माणसं आता गावात चारच उरलीत. त्यांतल्या दोघांकडे जाऊन आले, दोघांकडे जायचं आहे. एकजण पंच्याऐंशीच्या आहेत. त्यामुळे मला घाई आहे.