सहीपूर्वीचा प्रश्न



मी डॉक्टर नव्हे, युनियनचा माणूस. वणीचा खाणकामगार करारातली प्रत्येक अट विचारून सही करतो. प्रोस्टेटच्या कर्करोगावर किरणांचा शेक घेताना मात्र लाजून गप्प राहतो.

मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २०११ ते २०१७ या काळात जास्त धोक्याचे २२४ रुग्ण चाचणीत घेतले. एका गटाच्या केवळ ग्रंथीवर, दुसऱ्याच्या ओटीपोटातील लसिकागाठींवरही किरण सोडले. पाच वर्षांनी रोग न उलटलेले पहिल्यात शेकडा ८१, दुसऱ्यात ९५. पण उशिरा येणारा लघवीचा त्रासही शेकडा ९ वरून २० वर गेला. जगण्याच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही.

तेव्हा विचारा: मला लाभ किती, त्रास किती? लघवी, शौच, संसारसुख, सारे विचारा. तो आपला हक्क आहे.