तेरावा पगार

दक्षिण कोरियात राहत असताना शेजारच्या एका छोट्या इंग्रजी अकादमीच्या मालकीणबाईंना मी हिशेबात मदत करत असे. अशा खासगी शिकवणीला तिथे 'हाग्वॉन' म्हणतात. परदेशी शिक्षकाशी करार वर्षभराचा; पगार, राहायला घर, बहुतेक वेळा विमानाचं तिकीटही मालकाकडून. मुलांची फी मात्र महिन्याची. चार मुलं सोडून गेली की हिशेब कोलमडतो.

वर्ष पूर्ण करून शिक्षक निघाला, की कायद्याने किमान 30 दिवसांचा पगार जादा द्यावा लागतो. बाईंनी त्यासाठी काहीच बाजूला काढलं नव्हतं. अकराव्या महिन्यात त्या हळूच म्हणाल्या, "त्याला आत्ताच काढलं तर?" त्याचा व्हिसा, घर, सगळं त्या नोकरीवर टिकलेलं! मी म्हटलं, "अहो, हे पैसे तुमचे नाहीतच. त्याने ते दर महिन्याला थोडे थोडे कमावलेत."

शेवटी त्याच्या संमतीने दोन हप्त्यांत ते दिले. पुढच्या शिक्षकाच्या वेळी आम्ही पहिल्या महिन्यापासून पगाराचा बारावा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकला. 24 लाख वॉनला 2 लाख.

तुमचा क्लास इंदूरला असो की बेळगावात, देणं ज्या महिन्यात तयार होतं, त्याच महिन्यात ते बाजूला काढा.