सकाळचेच शाफ्ट खराब का व्हायचे?

आज आपल्या वाळूजची गोष्ट. 1985 मध्ये बजाजचा कारखाना इथं सुरू झाला आणि आजूबाजूला सुटे भाग बनवणारी लहानमोठी युनिटं उभी राहिली. अशाच एका युनिटमध्ये मी क्वालिटीला नवा नवा लागलो होतो.

आमच्याकडे सीएनसीवर शाफ्ट बनायचे. रोज 8-10 शाफ्ट मापात बसायचे नाहीत. मशीनवर एक ट्रेनी पोरगा होता, पैठणकडचा. साहेबांनी मला कारण विचारलं. मी कागदावर लिहिलं, ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’. दोन मिनिटांत रिपोर्ट तयार! महिन्याभरात त्या पोराला घरी बसवलं.

त्याच्या जागी अनुभवी ऑपरेटर आला. रिजेक्शन तेवढंच.

शेजारच्या मशीनवरचे काका एकदा म्हणाले, “साहेब, किती गेले ते लिहिता, कधी गेले ते पण लिहा ना.” मग मी आठवडाभर मशीनपाशी उभं राहून वेळ टिपली. खराब शाफ्ट जवळजवळ सगळे सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासातले! आमच्याकडे रात्रपाळी नव्हती, म्हणजे मशीन रात्रभर थंड. ऑफसेट मात्र आदल्या दिवशी तापलेल्या मशीनवर लावलेला. स्पिंडल तापला की धातू प्रसरण पावतो, माप काही मायक्रॉननं सरकतं. शाळेत शिकलेलंच की हे! मग रोज सकाळी 20 मिनिटं मशीन मोकळं फिरवायचं आणि पहिला पीस मोजूनच काम सुरू करायचं ठरलं. रिजेक्शन एकदम खाली आलं.

टोयोटाचे ताइची ओहनो पाच वेळा ‘का’ विचारायला सांगायचे. त्यांचं उदाहरण बघा. मशीन बंद पडलं, कारण फ्यूज उडाला. का? लोड वाढला. का? बेअरिंगला तेल नव्हतं. का? पंप तेल ओढत नव्हता. का? पंपाचा शाफ्ट झिजला होता. का? गाळणी नव्हती, त्यामुळे धातूचा कीस आत गेला. नुसता फ्यूज बदलला असता तर मशीन पुन्हा बंद पडलं असतं. मी तर फ्यूजसुद्धा नाही, माणूस बदलला होता.

त्या पोराला परत बोलवा म्हणून मी साहेबांकडे गेलो. पण तोवर तो चाकणला लागला होता. फाईलमध्ये माझा तो कागद तसाच होता. त्याला दुसरा कागद जोडला, खरं कारण लिहिलं आणि खाली सही केली.

तुमच्याही कामावर असं काही अडलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. आणि हो, कधी अडतं ते नक्की सांगा!