पहिला तास, पहिला खडू

सुरतच्या लिंबायत, उधना भागात खानदेशातून आलेली हजारो कुटुंबं राहतात. सुरत महानगरपालिकेची शिक्षण समिती मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती आणि वर्गात प्रमाण मराठी. अशा मुलांपुढे बी.एड. करणारा छात्राध्यापक पहिल्यांदा उभा राहतो, तेव्हा हातातला खडू थरथरतोच.

हा छात्राध्यापक धीट कसा होणार? २०१४ च्या नियमांनुसार बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात आंतरवासिता, म्हणजे प्रत्यक्ष शाळेतला सराव, २० आठवड्यांची ठरली. पण नुसते आठवडे भरून आत्मविश्वास येत नाही. त्याला पायऱ्या लागतात. पहिली पायरी सूक्ष्म अध्यापनाची. मोजकी मुलं, सहा मिनिटं आणि एकच कौशल्य, उदाहरणार्थ प्रश्न विचारणं. मग चर्चा, पाठाची फेरआखणी आणि पुन्हा तोच पाठ. आपल्या शेजारच्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात या पद्धतीवर मोलाचं काम झालं आहे.

दुसरी पायरी निरीक्षणाची, तिसरी अनुभवी शिक्षकासोबत अर्धा तास वाटून घेण्याची. पूर्ण वर्ग त्यानंतरच.

मार्गदर्शक शिक्षकांना एक कळकळीची विनंती. मुलांसमोर चूक काढू नका. तास संपल्यावर शेजारी बसवून आधी जमलेलं सांगा, मग सुधारायची एकच गोष्ट. आणि छात्राध्यापकांनो, मुलांची नावं पाठ करा. शेवटच्या बाकावरच्या मुलाला नावानं हाक मारलीत, की तो मान वर करतो. वर्ग आपला होतो तो तिथूनच.