फोटोला लाइक आणि झाडाला गिऱ्हाईक

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्त्या आपल्याच सोसायटीच्या रहिवासी असून कुंड्यांतली बाग उभी करून देणे व तिची देखभाल करणे हा त्यांचा व्यवसाय आहे. बोलण्याचा बाज मुद्दाम तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



मंडळाने विषय दिला, "सोशल मीडियावर बागकामाचा धंदा कसा वाढवायचा." आपल्याकडे कोणी मसाले करतं, कोणी ब्लाउज शिवतं, कोणी दिवाळीचा फराळ. त्यांनाही यातलं काही उपयोगी पडेल. पण मी बोलणार झाडांबद्दलच, कारण मला तेवढंच कळतं.

आधी एक फरक लक्षात घ्या. साडी कुरिअरने जाते. झाडही जातं म्हणतात, पण मे महिन्यात तीन दिवस खोक्यात बसून आलेला मोगरा एकदा उघडून बघा! त्यामुळे आमचा बाजार केवढा, तर टेम्पो सकाळी निघून दुपारी परत येईल तेवढा. इन्स्टाग्रामला मात्र ही हद्द माहीत नसते. जास्वंदीच्या छाटणीचा माझा एक रील लाखभर लोकांनी पाहिला. कौतुक इंदूरहून आलं, दुबईहून आलं. त्या आठवड्यात कुंडी एकही जास्त गेली नाही. आणि त्याच आठवड्यात पलीकडच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी माझा चार ओळींचा मेसेज पुढे पाठवला, त्यातून सात घरं मिळाली. पाच घरं अजून महिन्याच्या देखभालीवर आहेत.

काय होतं त्या मेसेजात? फुलाचा फोटोसुद्धा नव्हता. लिहिलं होतं, "जास्वंदीच्या शेंड्याला कापसासारखं पांढरं दिसतंय? तो पिठ्या ढेकूण. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा. मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण मिसळून, ऊन उतरल्यावर फवारा. आठवड्याने पुन्हा." खाली नाव आणि नंबर. बस. माणूस झाड घेताना फुलाकडे बघतो हे खरं, पण दुसऱ्यांदा आपल्याकडे येतो तो पान पिवळं पडल्यावर फोन कोणी उचलला हे आठवून.

लोक म्हणतात, सगळं फुकट सांगून टाकलंस तर तुला बोलवेल कोण? माझा अनुभव उलटा आहे. दहा जण वाचतात, आठ जण स्वतः करतात, आणि दोघं म्हणतात, "ताई, तुम्हीच या, आम्हाला जमत नाही." त्या दोघांवर माझं घर चालतं. आणि हे काही मी शोधून काढलेलं नाही. श्री. अ. दाभोलकरांनी 'प्रयोग परिवार' उभा केला तेव्हा मोबाइल कुठे होते? आपापल्या रानात करून बघायचं आणि जे दिसेल ते एकमेकांना कळवायचं, ही त्यांची रीत. आपल्याकडे द्राक्षाची शेती शिकून मोठी झालेली माणसं त्या रीतीतून गेली आहेत. आपण आज कळवायला बोटभर वेळ लावतो, पण करून बघायला विसरतो.

आता पैशांचं बोलते. माझ्याबरोबर दोन माळी आहेत. त्यांचा पगार सात तारखेला द्यावा लागतो, आणि तो लाइकमधून होत नाही. आमच्या धंद्यात एप्रिल-मे फार अवघड. उन्हाने नवी लागवड बंद, लोक गावाला. पगार मात्र चालू. मग मी मार्चअखेरीलाच स्टेटस ठेवायला सुरुवात केली, "तुम्ही गावाला जा, पाणी आम्ही घालू." रोजच्या पाण्याचा दर, शेडनेट बांधायचा दर, दोन्ही स्पष्ट लिहून. दोन्ही माळ्यांचा उन्हाळा त्यावर निघाला.

यावरून वेळेचं गणित सांगते. तुळस लोकांना कार्तिकात आठवते, तेव्हा तुळशीच्या लग्नाआधी दहा-बारा दिवस फोटो जायला हवा. गणपतीच्या आधी दूर्वा, आघाडा, जास्वंद यांच्या कुंड्या. ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी. थंडी संपता संपता मोगऱ्याची छाटणी, म्हणजे उन्हाळ्यात फुलं. आमचं कॅलेंडर कालनिर्णयावरच चालतं, फक्त पंधरा दिवस पुढे!

साधनांबद्दल थोडक्यात. व्हॉट्सॲपचं धंद्यासाठीचं वेगळं ॲप २०१८ मध्ये आलं, ते फुकट आहे, तेच वापरा. त्यात झाडांची यादी फोटो आणि किंमतीसह लावता येते. ब्रॉडकास्ट लिस्ट करा, पण एक गोम आहे. समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला असेल तरच त्याला तो मेसेज पोचतो. म्हणून कुंडी पोचवायला गेलात की चहाला नाही म्हणा, पण नंबर सेव्ह करून घ्या. आणि किंमत लिहा हो! "किंमत इनबॉक्समध्ये" हे वाचलं की निम्मी माणसं पुढे निघून जातात. फोटो सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळच्या उजेडात काढा, फ्लॅश नको, आणि झाडाशेजारी आपला हात येऊ द्या. फोटोत कमरेएवढा दिसलेला क्रोटन हातात वीतभर आला की पुढचा प्रत्येक फोटो खोटा वाटतो.

इथे मला जरा कडक बोलायचंय. "घरातली हवा शुद्ध करणारं झाड" ही जाहिरात तुम्ही सगळीकडे बघता. ती निघाली नासाच्या १९८९ च्या एका अभ्यासातून. तो प्रयोग बंद पेटीत केलेला होता. आपल्या घरात खिडक्या आहेत, दारं आहेत, माणसं ये-जा करतात. २०१९ मध्ये संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला, तर खिडक्यांतून येणाऱ्या वाऱ्याशी बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडं लागतील असं निघालं. म्हणजे झोपायचं कुठे? मी स्नेक प्लँट विकते, पण ते "विसरभोळ्या माणसाचं झाड" म्हणून विकते, कारण त्याला पाणी कमी लागतं आणि हे खरं आहे. तसंच डिफेनबॅकिया. दिसायला सुंदर, पण पान चावलं तर तोंडाची आग होते, जीभ सुजते. घरात रांगतं मूल असेल तर मी ते देत नाही. ही गोष्ट पोस्टमध्येच लिहिते. एक झाड विकलं जात नाही, पण ती आजी चार जणींना सांगते.

तक्रारही सगळ्यांसमोर येते, हा या माध्यमाचा स्वभाव. एका ग्रुपवर फोटो आला, "यांच्याकडचं जेड पंधरा दिवसांत मेलं." खाली अंगठे, डोळे वटारलेले चेहरे, सगळं. मी ग्रुपवर एवढंच लिहिलं, "उद्या सकाळी येऊन बघते." गेले. जेड छानशा चिनी मातीच्या भांड्यात हलवलेलं होतं, आणि त्या भांड्याला तळाला भोकच नव्हतं. मुळं काळी, मऊ. वरच्या दोन फांद्या मात्र टणक होत्या. त्या कापल्या, तीन दिवस सावलीत सुकवल्या, भुसभुशीत कोरड्या मिश्रणात लावल्या. त्या बाईंची परवानगी घेऊन भांड्याचा आणि मुळांचा फोटो त्याच ग्रुपवर टाकला, कोणाचं नाव न घेता. भोक नसलेल्या कुंडीचा धडा शंभर घरांना एकदम मिळाला. दोन्ही फांद्या जगल्या आहेत.

परवानगीवरून आठवलं. गिऱ्हाइकाच्या गॅलरीचा फोटो त्याला विचारल्याशिवाय टाकू नका. फ्लॅटचा नंबर, आतलं घर, खेळणारं मूल यातलं काहीच फोटोत नको. आणि गच्चीवरच्या हिरव्यागार बागेचे रील बघून कोणी मागणी केली, तर आधी सोसायटीची परवानगी विचारा. गच्ची सगळ्यांची असते. ओली माती घनफुटाला पन्नास किलोच्या आसपास भरते, तेव्हा वजन आणि गळती यांचं उत्तर इंजिनियरकडून आल्याशिवाय मी काम घेत नाही. सेक्रेटरी काका मान डोलावतायत. त्यांनी आपल्या ग्रुपवर जाहिराती फक्त रविवारी हा नियम केला, त्याचा मला फायदाच झाला. सहा दिवस लोकांच्या शंकांना उत्तरं द्यायची आणि रविवारी एकदाच दर लिहायचे!

शेवटी आमच्या मामांबद्दल. आमचे थोरले माळी. त्यांना कॅमेऱ्याचं वावडं. मग आम्ही फक्त त्यांचे हात दाखवतो. कुंडी आडवी करून मातीचा गड्डा अलगद कसा काढायचा, मुळांचा गुंता किती कापायचा. बोलणं त्यांचंच, त्यांच्या गावच्या बोलीत. माझ्या नीटनेटक्या व्हिडिओपेक्षा ते जास्त चालतात. आता फोन येतो तो, "मामा येणार असतील तरच या." त्यातून दोन घरांनी त्यांना परस्पर बोलावलं. हे होणारच होतं. आम्ही बसून बोललो. आता कुंडी बदलणं, छाटणी, अशी एकवेळची कामं असतील तर व्हिडिओखाली मामांचाच नंबर असतो आणि पैसे त्यांचे. वर्षाची देखभाल माझ्याकडून. मागच्या पावसाळ्यात त्यांना एवढी कामं आली की पुतण्याला हाताशी घ्यावं लागलं. तो व्हिडिओ काढायलाही शिकलाय, आणि माझ्यापेक्षा बरे काढतो.

आता तुम्ही विचारा. फक्त "माझी तुळस का जगत नाही" हा प्रश्न सगळ्यात शेवटी घेऊ, त्याला वेळ लागतो.