जुनी मोटार आणि मद्यार्कमिश्रित पेट्रोल
(भाषणाचा मजकूर)



सुरत शहराच्या पूर्व अंगाला, बारडोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पर्वत पाटिया हा भाग आहे. कापडधंद्याच्या निमित्ताने धुळे, जळगाव व नंदुरबार जिल्ह्यांतून आलेली असंख्य मराठी कुटुंबे सुरतेत स्थायिक झाली. सणासुदीला, लग्नसराईला ती व्यारा, सोनगड, नवापूर या मार्गाने गावाकडे निघतात. एखाद्याच्या दारी वडिलांनी हौसेने घेतलेली प्रीमियर पद्मिनी किंवा जुनी अँबेसडर अद्याप उभी असते. ज्या उसाच्या मळीपासून मद्यार्क होतो, तो ऊस बारडोली परिसरात याच रस्त्याच्या दुतर्फा डोलत असतो. शेतात उसाचा धनी आणि शहरात जुन्या गाडीचा धनी, असे एकाच घरातले दोन भाऊही आढळतात. म्हणूनच पेट्रोलमधील मद्यार्काचा प्रश्न या मंडळींना दोन्ही बाजूंनी भिडतो.

हे मिश्रण आजकालचे आहे, असा समज आहे. तो बरोबर नाही. पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्यासंबंधीचा केंद्रीय कायदा १९४८ सालीच झाला होता. ब्राझील देशाने १९७५ पासून उसाच्या मद्यार्कावर मोटारी चालविण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. आपल्याकडील अलीकडच्या प्रयोगाचा आरंभ २००१ साली झाला, आणि त्यासाठी निवडलेल्या ठिकाणांत मिरज व मनमाड ही महाराष्ट्रातील दोन गावे होती. २००३ मध्ये महाराष्ट्र व गुजरातसह नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणाचा निर्णय झाला. २०२२ साली हे प्रमाण दहा टक्क्यांवर आणि २०२५ साली वीस टक्क्यांवर पोचले. अदलाबदलीचा हा वेग जुन्या इंजिनाच्या मानाने फार आहे, हे मान्य केले पाहिजे.

आता इंजिनाकडे वळू. मद्यार्काच्या घटनेत प्राणवायू असतो. पेट्रोलमध्ये तो जवळजवळ नसतो. त्यामुळे मद्यार्क जाळण्यास बाहेरची हवा कमी लागते. नव्या गाडीत संगणक हा हिशेब स्वतः करतो व इंधन वाढवून देतो. जुन्या गाडीच्या कार्ब्युरेटरमधील जेटचे भोक मात्र ठरलेले असते. ते पूर्वीइतकेच इंधन सोडते, आणि मिश्रणात हवा जास्त होते. सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, अॅक्सिलरेटर दाबताच ती क्षणभर दम खाते, इंजिन अधिक तापते, प्लग काढून पाहिला तर तो पांढुरका दिसतो. अनुभवी मेस्त्री अशा वेळी मुख्य जेट एक माप मोठा बसवितो. उपाय एवढाच, पण तो अंदाजाने न करता प्लगचा रंग पाहून करावा.

दुसरी गोष्ट रबराची. त्या काळच्या गाड्यांतील नळ्या, पंपाचा पडदा आणि बुचाच्या लाकडाचे भाग मद्यार्कासाठी घडविलेले नव्हते. ते फुगतात, नरम पडतात किंवा कालांतराने चिरतात. पेट्रोलची नळी तापल्या इंजिनाजवळ गळू लागली, तर काय होईल हे सांगावयास नको. जेट, टाकी, मायलेज या साऱ्यांच्या आधी या नळ्या बदलाव्यात, आणि त्या मद्यार्काला टिकणाऱ्या रबराच्याच घ्याव्यात. शिवाय मद्यार्क टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा गाळ सोडवितो. तो गाळ फिल्टरमध्ये येऊन अडकतो. गाडी पहिल्या काही टाक्यांनंतर बंद पडली, की दोष पेट्रोलला दिला जातो. वस्तुतः ती जुन्या टाकीची सफाई असते.

जास्त सावधगिरी हवी ती पाण्याविषयी. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये पाणी शिरले तर ते तळाशी बसे व खालचा नट काढून सोडून देता येई. मद्यार्क मात्र पाणी ओढून घेतो. थोडे पाणी तो सामावून घेतो. मर्यादा ओलांडली की पाणी व मद्यार्क दोघे मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात व तळाशी थर धरतात. टाकीतून इंधन ओढणारी नळी तळाजवळच असते. वरचे पेट्रोलही मग निकृष्ट झालेले असते. शिक्षकांना हे समजावून देणे सोपे आहे. खुणांच्या अरुंद काचनळीत शंभर मिलिलिटर पेट्रोल व दहा मिलिलिटर पाणी घालून हलविले व स्थिर ठेवले, तर पेट्रोल वीस टक्के मिश्रणाचे असल्यास खालचा थर दहावरून सुमारे तिसापर्यंत चढतो. प्रयोग शिक्षकाने स्वतः, उघड्या जागी, आगीपासून दूर करावा. विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये.

खर्चाची बाजूही झाकून ठेवण्याचे कारण नाही. एका लिटर मद्यार्कातील उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. मिश्रणासाठी न घडविलेल्या चारचाकीचे मायलेज वीस टक्के मिश्रणात सहा ते सात टक्क्यांनी घटते, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात दिला आहे. लिटरला चौदा किलोमीटर देणारी गाडी तेरा देईल. मद्यार्काचा ऑक्टेन अंक मोठा, हे खरे. पण पद्मिनीच्या १०८९ घनसेंटिमीटरच्या, कमी दाबाच्या इंजिनाला त्याचा विशेष लाभ नाही. कारखान्याला मळीचे पैसे मिळतात व परदेशी तेलावरील खर्च वाचतो, तेव्हा जुन्या गाडीच्या धन्याला पंपावर मिश्रणाची टक्केवारी ठळक वाचावयास मिळावी, ही अपेक्षा गैर नव्हे.

पर्वत पाटियाच्या रहिवाशांसाठी आणखी एक सूचना. या भागात खाडीचे पाणी रस्त्यावर येते. जून २०२५ मध्येही आले. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या महापुराची आठवण तर पुसली जाणार नाही. पावसाळ्यात महिनोन् महिने उभी राहणारी गाडी टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. झाकणाचे रबरही पाहावे. गाडी पाण्यात बुडाली असल्यास पाणी ओसरताच किल्ली फिरवून पाहण्याचा मोह आवरावा. आधी बॅटरीची तार सोडावी, टाकी पूर्ण रिकामी करवून घ्यावी, कार्ब्युरेटरची वाटी उघडून पुसावी, फिल्टर नवा घालावा. काढलेले पेट्रोल गटारात ओतू नये. ते बंद झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून, चुलीपासून व विजेच्या बोर्डापासून दूर, घराबाहेर ठेवावे.