युवराज्ञीची पट्टी आणि गिरणीतल्या मुली

१९५८ च्या नोव्हेंबरात जपानच्या युवराजाचा विवाह एका पीठ-कारखानदाराची कन्या मिचिको शोदा यांच्याशी ठरल्याचे जाहीर झाले. टेनिसच्या मैदानावर झालेली ही ओळख! त्यांची केसांची पट्टी, त्यांचा स्वेटर यांचे अनुकरण देशभर सुरू झाले. एप्रिल १९५९ मधील सोहळा पाहता यावा म्हणून दूरदर्शनसंचांची विक्री झपाट्याने वाढली. कीर्तीने माल खपविला, मालाने कीर्ती वाढविली.

परंतु १९५४ साली ओमी केन्शी या सूतगिरणीतील कामगारांनी, ज्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या, शंभराहून अधिक दिवस संप केला. विवाहाचे स्वातंत्र्य हवे, आमची पत्रे फोडू नका, ही त्यांची मागणी. तो लढा त्यांनी जिंकला.

स्वमर्जीच्या विवाहाची बाजारात फॅशन झाली. तो हक्क मात्र सूत कातणाऱ्या हातांनी आधीच झगडून मिळविला होता. इतिहास लिहिताना पट्टीची आठवण राहते, संपाची राहत नाही. ती राखणे हे आपले काम आहे.